नाव मोठे की पुरावा मोठा?



आज एका चुकीपासून सुरुवात करू. चूक दुसऱ्या कोणाची नाही, आमचीच आहे.

आमचे गाव खांब. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नागोठणे आणि कोलाड यांच्या मध्ये ते आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही संध्याकाळी घराच्या पडवीत प्रौढांचा वर्ग घेऊ लागलो. दिवसभर शेतात राबलेली माणसे हातपाय धुऊन येतात आणि तास-दीड तास अक्षरे गिरवतात.

एके संध्याकाळी वर्गातल्या एक मावशी नातवाचा मोबाईल घेऊन आल्या. त्यावर आलेला निरोप त्यांनी स्वतः अक्षराला अक्षर लावून वाचला होता. त्यांना केवढा आनंद झाला होता! निरोप असा होता: आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळात आकाशातून घातक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत. मोबाईल बंद करून दूर ठेवा. जवळ ठेवाल तर जिवाला धोका आहे. आणि खाली लिहिले होते, हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी सांगितले आहे.

मावशींनी विचारले, "गुरुजी, हे खरं हाय का?"

आम्ही निरोप वाचला. खरे सांगायचे तर किरणांचे आम्हांला काही कळले नाही. पण 'मोठमोठे शास्त्रज्ञ' हे शब्द पाहिले आणि आम्ही बोलून गेलो, "एवढ्या मोठ्या माणसांनी सांगितलंय, तर एक रात्र बंद ठेवायला काय हरकत आहे?"

मावशींनी मोबाईल बंद केला. शेजारच्या चार घरांनीही केला. मावशींची लेक दुसऱ्या बाळंतपणाला सासरीच होती. दिवस भरले होते. नेमक्या त्याच रात्री तिला कळा सुरू झाल्या. सासरच्यांनी फोन लावला, पुन्हा लावला. लागेल कसा? मावशींना कळले सकाळी. त्या पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पण रात्रभर लेक आईची वाट पाहत होती, ती रात्र काही परत येत नाही.

मावशी आम्हांला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आमच्या मनातून मात्र ते जाईना. त्या शास्त्रज्ञांना मावशी ओळखत नव्हत्या. त्यांनी विश्वास ठेवला तो गुरुजींवर. आम्ही मोठ्या नावावर विसंबलो, मावशी आमच्या लहान नावावर विसंबल्या, आणि पुरावा कोणीच विचारला नाही. मोठे नाव म्हणजे काय, त्याला किती मान द्यावा आणि कुठे थांबावे, याचा विचार आम्ही त्या दिवसापासून करू लागलो. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

पिशवी आणि उगवण

जगातली प्रत्येक गोष्ट आपण स्वतः तपासू शकत नाही. पृथ्वीपासून सूर्य किती दूर आहे, हे दोरी टाकून मोजता येत नाही. म्हणून आपण जाणत्या माणसांचे ऐकतो. त्यात गैर काही नाही. ज्याने अनेक वर्षे एका विषयात घालवली, त्याच्या शब्दाला वजन असणारच.

पण भाताचे बियाणे घेताना आपण काय करतो? पिशवीवरचे नाव वाचतो. नाव चांगले असेल तर घरी आणतो. तरी शहाणा शेतकरी सगळे बी एकदम पेरत नाही. त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. काही दिवसांनी उघडतो. ऐंशी-नव्वद दाण्यांना कोंब आला, तर बी चांगले. पन्नासच उगवले, तर पिशवीवर कितीही मोठे नाव असो, ते बी तो पेरणार नाही.

शास्त्रातही असेच असते. शास्त्रज्ञाचे नाव ही पिशवी. त्याचा पुरावा ही उगवण. नाव वाचून पिशवी घरी आणावी, पण पेरणी उगवण पाहूनच करावी.

हे नीट समजावे म्हणून आपल्याच मराठी मुलखातल्या एका फार प्रसिद्ध शास्त्रज्ञाची गोष्ट सांगतो. त्यांचे नाव डॉ. जयंत विष्णू नारळीकर.

कोल्हापूरचा मुलगा

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. वडील काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. आई संस्कृतच्या जाणकार. घरात फळा होता. त्यांचे मामा त्या फळ्यावर गणिताचे कोडे लिहून ठेवीत. सुटेपर्यंत कोडे तिथेच राही. उत्तर आयते मिळत नसे, ते शोधावे लागे.

१९५७ साली ते पुढे शिकण्यासाठी इंग्लंडमधील केंब्रिजला गेले. तिथे फ्रेड हॉईल नावाचे नामांकित शास्त्रज्ञ त्यांचे गुरू झाले. १९६४ साली या गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाविषयी एक नवा विचार मांडला. गुरुत्वाकर्षण म्हणजे एका वस्तूची दुसऱ्या वस्तूला असणारी ओढ. झाडावरून सुटलेला आंबा खाली पडतो, तो पृथ्वीच्या या ओढीमुळे.

त्या वेळी नारळीकरांना सव्वीस वर्षेही पूर्ण व्हायची होती. देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत त्यांचे नाव छापून आले. त्यानंतर ते भारतात आले, तेव्हा त्यांना पाहायला आणि ऐकायला ठिकठिकाणी गर्दी लोटली. विषय एवढा अवघड, की आलेल्यांपैकी फारच थोड्यांना तो कळला असेल. पण आपला एक मुलगा जगात नाव काढतो, याचा सगळ्यांना अभिमान होता. १९६५ साली सरकारने त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते.

पुढे १९७२ साली ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, तिचे ते पहिले संचालक. त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, मुलांसाठी लिहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नाव गाजले, पण मत टिकले का?

आता पुढचा भाग नीट वाचा. हा भाग पुष्कळांना ठाऊक नसतो.

आकाशात ताऱ्यांचे प्रचंड समूह आहेत. ते एकमेकांपासून दूर चालले आहेत. आंबोळीचे पीठ आंबून फुगू लागले म्हणजे त्यात पडलेले दाणे एकमेकांपासून लांब जातात. तसेच हे. याला म्हणतात, विश्व पसरत आहे.

मग प्रश्न आला. विश्व सारखे पसरत असेल तर ते विरळ होत जाते का? हॉईल आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत, मोकळ्या झालेल्या जागेत नवे द्रव्य हळूहळू तयार होते. आपली कुंडलिका नदी पाहा. पाणी वाहून जाते, मागून नवे येते, नदी मात्र तशीच दिसते. विश्वही तसेच आहे. त्याला आरंभ नाही. नारळीकर या मताचे होते.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत, तसे नाही. फार फार पूर्वी सगळे विश्व एकत्र दाबलेले आणि अतिशय तापलेले होते. तेव्हापासून ते पसरत आणि निवत चालले आहे. या मताला महास्फोटाचे मत म्हणतात.

खरे कोणते? मोठे नाव कोणाचे, यावर हे ठरणार होते काय? नाही. चूल विझली तरी राख बराच वेळ कोमट राहते. विश्व जर एके काळी तापलेले असेल, तर त्याची थोडी ऊब अजून उरली पाहिजे. ती सापडते का, हा खरा प्रश्न होता.

अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन नावाचे दोन शास्त्रज्ञ आकाशातल्या लहरी टिपणाऱ्या एका मोठ्या कर्ण्यासारख्या यंत्रावर काम करीत होते. त्यांना एक बारीक खरखर ऐकू येई. यंत्र कोणीकडेही वळवा, दिवस असो वा रात्र, खरखर कायम. यंत्रात कबुतरांनी घाण केली होती. तीच कारण असेल म्हणून त्यांनी ती साफ केली. तरी खरखर गेली नाही. ही विश्वाची उरलेली ऊब असावी, हे १९६५ साली जगापुढे आले. याच शोधासाठी त्या दोघांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांच्या बाजूला थोडे उरले. म्हणजे पाहा, एकीकडे देशभर सत्कार चालले होते आणि त्याच वर्षी त्यांच्या मताविरुद्ध मोठा पुरावा पुढे आला होता. पद्मभूषण हा सन्मान पुराव्यापुढे कामी आला नाही. शास्त्रात तो कामी येत नसतोच.

मग नारळीकरांनी काय केले? ते रुसून बसले नाहीत. त्या उबेचे दुसरे काही कारण असू शकेल का, याचे त्यांनी गणित मांडले. १९९३ साली हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी आपले मत सुधारून पुन्हा मांडले. बहुतेकांना तेही पटले नाही. तरी त्यांचा मान कमी झाला नाही. का? कारण ते जे म्हणत, त्यासाठी मोजमाप आणि गणित पुढे ठेवत, आणि ते तपासायची मोकळीक सगळ्यांना होती.

तेव्हा लक्षात ठेवा. मोठ्या माणसाचे मत मान्य झाले नाही, म्हणजे तो माणूस लबाड ठरत नाही. आणि माणूस मोठा आहे, म्हणून त्याचे प्रत्येक मत खरेही ठरत नाही.

नाव लपवून लिहिलेली गोष्ट

नारळीकरांना स्वतःच्या नावाचे वजन ठाऊक होते. याची एक गमतीची हकीकत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. नारळीकरांनी 'कृष्णविवर' नावाची गोष्ट लिहिली. पण खाली स्वतःचे नाव घातले नाही. त्यांच्या नावाची आद्याक्षरे ज, वि, ना. ती त्यांनी उलटी केली, ना, वि, ज, आणि 'नारायण विनायक जगताप' असे नाव बनवले. अक्षर कोणी ओळखू नये म्हणून गोष्ट पत्नीच्या हातून लिहून घेतली आणि पाठवली.

गोष्टीला पहिले बक्षीस मिळाले!

नाव घातले असते तरी बक्षीस कदाचित मिळाले असते. पण मग ते गोष्टीला मिळाले की नावाला, हे कसे कळणार? त्यांनी पिशवीवरचे नाव पुसले आणि नुसते बी परीक्षेला लावले. बी उगवले. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे, तो परीक्षेला भीत नाही.

कुंडलीची परीक्षा

आता दुसरी हकीकत. कुंडली पाहून माणसाचे भविष्य सांगता येते, असे पुष्कळ लोक मानतात. नारळीकर ते मानत नसत. ते एवढे प्रसिद्ध होते की, 'मी सांगतो, हे खोटे आहे,' एवढे म्हणाले असते तरी ते छापून आले असते. पण तसे म्हणणे म्हणजे पुन्हा नावावर काम भागवणे. त्यांनी २००८ साली परीक्षा घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे त्यांच्या सोबत होते. प्रकाश घाटपांडे यांनी कुंडल्या तयार केल्या.

परीक्षा अशी होती. २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. त्यांतली १०० मुले शाळेत फार हुशार. बाकीची १०० बुद्धीची वाढ कमी असलेली, वेगळ्या शाळांत शिकणारी. मग जाहीर आवाहन करून ज्योतिषांना बोलावले. प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या आणि विचारले, यातली कोणती कुंडली हुशार मुलाची आणि कोणती दुसऱ्या मुलाची, एवढेच सांगा.

ज्याला काही येत नाही, त्याने नाणे उडवून छापा-काटा करून उत्तर लिहिले, तरी ४० पैकी सुमारे २० बरोबर येणारच. म्हणून निदान २८ बरोबर आली तर विद्येत काही तथ्य आहे असे म्हणता येईल, असे ठरले होते. ५१ ज्योतिषी पुढे आले. त्यांतल्या २७ जणांनी उत्तरे पाठवली. सगळ्यांत चांगले उत्तर ४० पैकी २४ बरोबर. २८ पर्यंत कोणी पोचले नाही. सगळ्यांची सरासरी तर निम्म्याहूनही कमी भरली. एका संस्थेने २०० च्या २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ बरोबर आली. म्हणजे छापा-काटाच झाला.

त्यांनी कोणाला शिवी दिली नाही, कोणाची टिंगल केली नाही. दाणे मोजून गोणपाटात ठेवले आणि किती उगवले ते सगळ्यांना दाखवले. ज्याला पटत नसेल, त्याला तशीच परीक्षा पुन्हा घेता येईल.

नाव नाही, पण काम आहे

नाव मोठे असून मत टिकले नाही, असे होऊ शकते, हे आपण पाहिले. याच्या उलटही असते. काम मोठे असते आणि नाव कोणाच्या तोंडी नसते. असे काम आपल्याच जिल्ह्यात आहे.

रोह्याहून आपण कितीदा अलिबागला जातो. कोर्टाचे काम, कलेक्टर कचेरीचे काम. तिथे चुंबकीय वेधशाळा आहे, हे किती जणांना ठाऊक? आपली पृथ्वी हीच एक मोठा लोहचुंबक आहे. म्हणून तर होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते. या चुंबकाचा जोर रोज थोडा थोडा कमीजास्त होतो. त्याची नोंद मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून ठेवली जात होती. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असे ठरले. विजेमुळे सुया हलणार आणि नोंदी बिघडणार. म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला आणले. त्या वेळी डॉ. नानाभाई मूस हे कुलाब्याचे प्रमुख होते. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी एकमेकींशी नीट जुळाव्यात. अलिबागची ती इमारत बांधताना लोखंड वापरले नाही, कारण लोखंड सुईला ओढते.

तेव्हापासून माणसे आली, निवृत्त झाली, नवी आली. रोज नोंद चालू राहिली. त्यांच्या व्याख्यानांना गर्दी झाली नाही. तरी त्या नोंदी जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात.

आणि गंमत पाहा. मावशींच्या निरोपाचे उत्तर आम्हांला तिथेच मिळाले. आकाशातून बारीक कण आणि किरण पृथ्वीकडे येतात, हे खरे. पण ते आज रात्री साडेबाराला येणार आणि साडेतीनला जाणार, असे नसते. ते दिवसरात्र, बाराही महिने येतच असतात. पृथ्वीभोवतीची हवा आणि पृथ्वीचे हे चुंबकत्व त्यांतले पुष्कळसे अडवते किंवा बाजूला वळवते. मोबाईल बंद ठेवल्याने त्यात काही फरक पडत नाही. तो निरोप सपशेल खोटा होता. तसाच निरोप वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा फिरतो आहे.

चार प्रश्न

तेव्हा यापुढे 'शास्त्रज्ञांनी सांगितले आहे' असे कोठे वाचले, औषधाच्या बाटलीवर असो, जाहिरातीत असो की मोबाईलवर, तर चार प्रश्न विचारा.

पहिला, कोणी सांगितले? नुसते 'मोठे शास्त्रज्ञ' हे काही नाव नव्हे. दुसरा, ज्याने सांगितले त्याने याच विषयात काम केले आहे का? ताऱ्यांचा अभ्यास करणारा माणूस गुडघेदुखीच्या औषधाचा जाणकार असेलच असे नाही. तिसरा, कशावरून? काय मोजले, किती वेळा, आणि दुसऱ्या कोणी ते तपासले का? चौथा, हे मानल्याने पैसा कोणाच्या खिशात जाणार?

उत्तरे स्वतःला सापडली नाहीत तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, शेतकी अधिकाऱ्यांना, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारा. आणि गुरुजींना माहीत नसेल, तर गुरुजींनी 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' असे म्हणावे. आम्ही त्या संध्याकाळी एवढेच म्हणालो असतो, तर त्या लेकीला रात्रभर आईची वाट पाहावी लागली नसती.

शेवटी नारळीकरांचीच एक गोष्ट सांगतो. मुले त्यांच्याकडे सही मागायला येत. तेव्हा ते मुलांना सांगत, सही अशी देणार नाही. पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर पाठवीन आणि त्या उत्तराखाली माझी सही असेल. नुसती सही म्हणजे नुसते नाव. प्रश्नाचे उत्तर म्हणजे ज्ञान. नाव हवे असेल तर आधी प्रश्न विचारा, असा तो हिशेब होता. आम्ही तेव्हा शाळेत शिकवीत होतो. आपल्या मुलांकडून असे एकही पोस्टकार्ड लिहून घेतले नाही, याची आम्हांला आज रुखरुख वाटते.

ती चूक आता भरून काढतो आहोत. आमच्या वर्गात दर शनिवारी प्रत्येकाने एक प्रश्न लिहून आणायचा, असा नेम केला आहे. पहिल्या शनिवारी मावशींनी पाटीवर मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहून आणली होती:

"गुरुजी सांगतात ते खरे कशावरून?"

आम्ही ती पाटी सगळ्या वर्गाला दाखवली.

नावाला कान द्यावा. पुराव्याला मान द्यावा.

सांगा पाहू

१. नारळीकरांनी स्पर्धेत स्वतःचे नाव का लपवले?
२. विश्वाविषयीचे त्यांचे मत बहुतेकांनी का मानले नाही? तरी त्यांचा मान का टिकला?
३. कुंडलीच्या परीक्षेत २० बरोबर उत्तरे येणे ही मोठी गोष्ट का नव्हे?
४. अलिबागच्या वेधशाळेच्या इमारतीत लोखंड का वापरले नाही?
५. गेल्या महिन्यात तुम्ही 'शास्त्रज्ञ सांगतात' असे काय ऐकले? त्याला वरचे चार प्रश्न लावून पाहा आणि उत्तरे वहीत लिहा.